अण्णांची पायऱ्यांची शेती

अण्णांनी भाताचं शेत कधी पाहिलं नव्हतं, आणि सोलापुरात अठरा वर्षं ते भाताच्या शेतीवर धडा शिकवत होते. याचं आमच्या घरात कुणाला काही वाटत नसे. ज्वालामुखीही त्यांनी पाहिला नव्हता, आणि तो तर ते फार चांगला शिकवत. भूगोलाच्या मास्तरानं सगळं पाहायचं ठरवलं तर शाळेत कधी जायचं, असं ते म्हणत. फळ्यावर एक तिरपी रेघ, तिच्यावर जिन्यासारख्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर गवताचे तीन तुरे आणि तळाशी समुद्र म्हणून नागमोडी रेघ. या चित्रावर मुलांच्या कितीतरी तुकड्या पास होऊन गेल्या. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विणकराच्या मुलानं विचारलं, "मास्तर, उतारावर पाणी टाकलं की ते खाली येतंय की. मग पायरीवरचं का येत नाही?" अण्णा त्याला म्हणाले, उद्या सांगतो. ते उद्या यायला सहा वर्षं लागली.

आमचं घर म्हणजे दोन खणांची जागा. एका बाजूच्या भिंतीपलीकडे हातमाग होता, त्याची खटखट पहाटेपासून चाले, आणि ती थांबली की आम्हाला दचकायला होई. मिलचा भोंगा झाला की आई चूल पेटवी. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, एखादी पातळ भाजी, कधी ताक. भात आमच्याकडे दोनच वेळा शिजे, सणाला आणि तापात. त्यामुळे ताटात भात दिसला की मी आधी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाही. आई करकंबची. तिच्या बोलण्यातलं करकंब शहरात येऊन पंधरा वर्षं झाली तरी तसंच होतं आणि अण्णांच्या शुद्ध बोलण्याला ते जराही भीत नव्हतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या पिढीच्या आमच्या गल्लीतल्या कुठल्याच बाईला येत नव्हतं, त्यामुळे त्याला नाव ठेवणारंही कुणी नव्हतं.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर अण्णांनी शिक्षकांच्या एका मासिकात कोकणातल्या दत्तोपंत नावाच्या मास्तरांचा लेख वाचला. त्यांच्या गावी समुद्राच्या बाजूला उतरणाऱ्या डोंगरावर नऊ पिढ्यांपूर्वी रचलेली पायऱ्यांची भातशेती होती आणि ती त्यांच्याच घरची होती. अण्णांनी पत्र घातलं. उत्तर आलं. उत्तरातून आणखी चार शंका निघाल्या. असं सहा वर्षं चाललं. आलेलं पत्र दिवेलागणीला मोठ्यानं वाचलं जाई आणि जाणारं पत्रही, चूक राहू नये म्हणून. दगड कसे रचावेत, बांधाला पोट का सुटतं, खेकडे बांध कसा पोखरतात, हे सगळं आई भाकरी थापता थापता ऐके. मी एकदा तिला विचारलं, तुला यात काय कळतं? ती म्हणाली, "दगूड कळतुय की. दगूड काय शाळंत जातुय?"

मी बारा वर्षांची असताना सहामाही परीक्षेनंतरच्या सुट्टीत अण्णांनी जाहीर केलं की आपण दत्तोपंतांकडे जायचं. तसं कार्ड त्यांनी टाकलंही होतं. आईला अण्णांना एकटं सोडायचं नव्हतं, कारण त्यांना सगळ्या जगाचा नकाशा पाठ होता आणि स्टेशनचा रस्ता चुकत असे. म्हणून तिघंही निघालो. आईनं ज्वारीचं पीठ आणि चटणीचा डबा घेतला. कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीनं मिरज, मग कोल्हापूर, मग मोटारीनं आंबा घाट. घाटात अण्णा खिडकीबाहेर मान काढून दगडांचे प्रकार सांगत होते आणि आई डोळे मिटून बसली होती. शेवटचे दोन कोस चालत गेलो. सगळीकडे इतकं हिरवं होतं की मला जरा अवघडल्यासारखं झालं. आमच्याकडे हिरवं म्हणजे कुणीतरी मुद्दाम पाणी घातलेलं असतं.

घराच्या ओटीवर पांढरं लुगडं नेसलेली एक उंच बाई सुपारी वाळत घालत होती. आईनं तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि ती जागीच थांबली. अण्णांनी मागच्या डोंगराकडे पाहिलं आणि हात जोडून विचारलं, "दत्तोपंत मास्तर आहेत का? सोलापूरहून आलो आहोत."

बाईंच्या हातातली सुपारी खाली पडली. त्या म्हणाल्या, "माझं कार्ड नाही मिळालं? येऊ नका म्हणून लिहिलं होतं."

"नाही. मास्तर कुठे आहेत?"

"ते गेले."

"कुठे गेले?"

"अवो," आई मागून म्हणाली.

"पुढच्या पौषात दोन वर्षं होतील," बाई म्हणाल्या.

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पण दसऱ्याच्या आधीच मला त्यांचं पत्र आलंय. अक्षर त्यांचंच आहे."

"अक्षर माझं आहे. पहिल्यापासून माझंच. त्यांचा हात कापायचा. ते सांगायचे आणि मी लिहायची. मग ते गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. बांधातल्या फटी बुजवाव्यात की मोकळ्या ठेवाव्यात, असं विचारलं होतंत. मला उत्तर माहीत होतं."

"मग?"

"मग तुम्ही पुढचा प्रश्न विचारलात."

 अण्णा ओटीच्या पायरीवर बसले. सहा वर्षांपासूनचा मित्र दोन वर्षांपूर्वी मेला ही बातमी आणि तो गेली दोन वर्षं चांगली उत्तरं देत होता ही हकिकत, या दोन गोष्टी त्यांना एकदम बसवता येत नव्हत्या. शेवटी ते म्हणाले, "फटींचं उत्तर अगदी बरोबर होतं." बाई म्हणाल्या, "हो. मोकळ्याच ठेवायच्या."

परतीची मोटार तिसऱ्या दिवशी होती, त्यामुळे राहणं भाग होतं. बाईंचं नाव जानकीबाई. मूलबाळ नव्हतं. त्यांनी उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं आणि आमसुलाचं सार केलं. मी तीनदा भात घेतला आणि ताप नसताना भात किती चांगला लागतो याचं मला नवल वाटलं. आईनं मात्र जेवणाला हात लावला नाही. भात मला बाधतो, म्हणाली, आणि आपलं पीठ काढून दोन भाकऱ्या थापल्या. मी जवळ गेले तेव्हा तव्याकडे बघत हळूच म्हणाली, "दोन वर्सं. एका बाईमाणसाला पत्रं लिवत हुते. आन मी मांडी घालून ऐकतीया." मी म्हटलं, अण्णांना तरी कुठे ठाऊक होतं? ती म्हणाली, "म्हनून तर काय बोलता यीना. ठावं आसतं तर बोलले आसते की."

सकाळी जानकीबाई आम्हाला डोंगरावर घेऊन गेल्या. पायऱ्यांची शेती मी फळ्यावर इतकी पाहिली होती की खरी दिसेपर्यंत मला तिचं विशेष वाटलं नव्हतं. वरून खालपर्यंत एकाखाली एक भाताचे तुकडे, त्यांना तिथे कुणगे म्हणतात. कुठला अंगणाएवढा, कुठला नुसता चटईएवढा, आणि प्रत्येकाला खालच्या बाजूनं कोरड्या दगडांचा बांध, ना चुना ना माती. वरचे कुणगे कापून झाले होते. खालचे पिवळे होऊन उभे होते, आणि त्यांच्याही खाली, माडांच्या पलीकडे, समुद्र होता. समुद्र आम्ही तिघांनीही जन्मात पहिल्यांदा पाहिला. अण्णांनी त्याच्याकडे एकदा नजर टाकली, बरोबर आहे असं दिसताच मान हलवली आणि पुन्हा बांधाकडे वळले. त्यांनी कुणगे मोजले तर एक आकडा आला, मी मोजले तर दुसरा. जानकीबाई म्हणाल्या, "आम्ही मोजत नाही, नावं घेतो." मग त्यांनी नावं सांगितली. एकाचं नाव रुसव्याचा, कारण तो बांध दोन भावांनी दोन टोकांकडून, वर्षभर एकमेकांशी न बोलता रचला होता आणि मध्ये जिथे जोड आला तिथे तो अजून वाकडा दिसे. एक बारा बायांचा. त्या पिढीतले पुरुष मुलुखगिरीवर गेले होते, ते परत आले तेव्हा बांध उभा होता. ते बरीच वर्षं हा बांध आपण परत आल्यावर रचला असं सांगत, असं जानकीबाई म्हणाल्या.

अण्णांनी शेवटी तो प्रश्न विचारला. पाणी खाली का येत नाही? जानकीबाईंनी त्यांना कापलेल्या कुणग्यात उतरवलं आणि म्हणाल्या, आडवे होऊन बघा. अण्णा कोटासकट पोटावर झोपले आणि गाल जमिनीला लावला. कुणगा सपाट नव्हता. बांधाकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा किंचित उंच होती, बोटभर असेल. सगळी शेती डोंगराकडे पाठ टेकून बसल्यासारखी होती. पाणी आधी आत जाई, भरलं की बांधाला ठेवलेल्या एका खाचेतून खालच्या कुणग्यात उतरे. "बोटभर!" अण्णा जमिनीवरूनच म्हणाले. "अठरा वर्षं मी सपाट काढतोय." ते बराच वेळ उठले नाहीत. खालून जाणारा एक माणूस थांबला आणि त्यानं जानकीबाईंना विचारलं, पाहुण्यांना काही होतंय का?

या सगळ्या वेळात आई एका बांधावर पाय सोडून बसली होती. जानकीबाई तिच्याजवळ गेल्या. मी रुसव्याच्या बांधाचा जोड शोधत होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"गुडघा कसा आहे तुमचा? एवढं चढून आलात."

आई चमकलीच. "माजा गुडगा तुमाला कसा ठावा?"

"पत्रात असतं की. शेवटच्या दोन ओळींत तुमचे मास्तर घरचं लिहायचे. तुम्ही चटणीत लसूण सालासकट कुटता. मुलीच्या वेळेपासून गुडघा दुखतो. भोंगा व्हायच्या आधीच उठता." जानकीबाई म्हणाल्या, "खरं सांगू? दगडांच्या शंकांचा मला कंटाळा यायचा. मी पत्र उघडायची ती त्या दोन ओळींसाठी. इथे माझ्याशी घरचं कुणी बोलत नाही."

त्या ओळी आईनंही दर वेळी ऐकल्या होत्या, पण त्या कुणी ध्यानात ठेवील असं तिला वाटलं नव्हतं. मग तिनं कमरेची चटणीची पुरचुंडी काढली आणि जानकीबाईंच्या हातावर ठेवली. जानकीबाईंनी बोटभर चाखली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिखटानं आलं असं त्या म्हणाल्या. त्यानंतर दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. शेजारच्या घरात राहणारा धाकटा दीर, गोविंदराव, नवं घर बांधणार होता. जोत्यासाठी त्याला खालच्या बांधांचे दगड हवे होते. खालचा बांध काढला की वरचा किती दिवस टिकणार, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. जानकीबाई असेपर्यंत त्याला तिथे हात घालता येत नव्हता, म्हणून त्यांना माहेरी धाडायला तो निमित्त शोधत होता. "माझ्यावर बोट ठेवायला त्याला जागा सापडलेली नाही अजून," त्या म्हणाल्या.

ती जागा त्याला दुपारी सापडली. अण्णांनी आपलीच जुनी पत्रं पाहायला मागितली होती आणि ओटीवर गठ्ठा सोडून ते वाचत बसले होते. स्वतःचं वाचताना ते अधूनमधून मान डोलवत. मी शेजारी होते, दोघी स्वयंपाकघरात होत्या. गोविंदराव आले, नीटनेटके, हातात छत्री.

"कोण हो आपण?"

"सोलापूरचा. भूगोलाचा शिक्षक. दत्तोपंत माझे स्नेही होते."

गोविंदरावांनी गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं, शिक्का पाहिला आणि सावकाश मोठ्यानं वाचलं, "'राजमान्य राजश्री दत्तोपंत मास्तर यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बांधास पोट सुटल्यासंबंधी आपण लिहिलेत ते वाचून...' हे गेल्या महिन्यातलं कार्ड. दादा जाऊन दीड वर्षावर झालं. मेलेला माणूस उत्तरं देतो वाटतं?" मग आतल्या दाराकडे बघून ते म्हणाले, "वहिनी, जरा बाहेर या. परपुरुषाला पत्रं कोण लिहीत होतं ते गावालाही कळू दे."

अण्णा खोटं बोलत नसत. हा त्यांचा मोठा गुण होता, आणि आता तो आम्हाला नडणार हे मला बाराव्या वर्षीही दिसलं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पिठाच्या हातांनी आई बाहेर आली. तिच्या मागे जानकीबाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"त्ये पत्र माजं हाय," आई म्हणाली.

"तुमचं?"

"व्हय. आमी दोघी लिवतो. त्यांनी त्यांच्या मालकांच्या नावानं लिवलं, मी माज्या मालकांच्या. बाईच्या नावानं टपाल येतंय जातंय, बरं दिसतं का? इचारा की ह्यांना."

सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी विचार केला. "आमच्या घरी प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचलं जातं," ते म्हणाले. यात खोटं काहीच नव्हतं.

गोविंदराव हसले आणि त्यांनी कार्ड आईपुढे धरलं. "मग पुढचं वाचून दाखवा की."

आईनं पदराला हात पुसले, कार्ड घेतलं, डोळ्यांपुढे धरलं.  माझ्या आईला आपलं नावही ओळखता येत नव्हतं. आणि आई बोलायला लागली. घरच्या बोलण्यातला एकही शब्द नव्हता. अण्णांची भाषा, अण्णांचा सूर, अण्णा स्वल्पविराम घेतात तिथे स्वल्पविराम. "...वाचून अत्यंत समाधान वाटले. तथापि एक शंका उरते. पोट सुटलेला बांध संपूर्ण उतरवून पुन्हा रचावा लागतो काय, की तेवढाच भाग काढणे पुरेसे होते? तसेच मोठे दगड तळाशी घालण्याची चाल सर्वत्र आहे, की केवळ आपल्याकडे, हेही कृपा करून कळवावे." तिनं वरच्या ओळीवरून खालच्या ओळीवर डोळेसुद्धा नेले, अण्णा नेतात तसे. मग ती अडखळली. का, ते मला ठाऊक होतं. शेवटच्या दोन ओळी घरच्या होत्या आणि त्यांत अण्णांनी लिहिलं होतं, हिचा गुडघा फार दुखतो, पण सांगत नाही.

"यांचा गुडघा फार दुखतो," आई म्हणाली, "पण सांगत नाहीत. कळावे."

गोविंदरावांनी अण्णांच्या गुडघ्याकडे पाहिलं. अण्णांनी हळूच हात खाली नेला आणि गुडघा चोळला. माझ्या माहितीत ते त्यांच्या आयुष्यातलं एकमेव खोटं, आणि तेही त्यांनी बोलून केलं नाही.

"बायकांनी दगडांवर एवढं काय लिहायचं?" गोविंदराव म्हणाले.

"मग काय लिवायचं?" आईनं विचारलं. "तुमच्यावर लिवू?"

त्यांनी छत्री उचलली. पायरी उतरताना मागे वळून ते आणखी काही म्हणणार होते, पण जानकीबाई त्यांच्याकडे सरळ बघत होत्या, तेव्हा ते गेले. त्यांचं घर पुढे झालं, जोतं विकतच्या चिऱ्यांचं. मी साठीनंतर एकदा तिकडे जाऊन आले. रुसव्याच्या बांधाचा वाकडा जोड जागेवर आहे. कुणग्यांत आता भात कमी आणि काजू जास्त आहेत, पण बांध उभे आहेत.

सोलापूरला आल्यावर दुसऱ्याच दिवशी आईनं माझी पाटी पुढे ओढली. "खोटं बोलून आले," ती म्हणाली. "आता खरं कराय पायजे." अण्णा शिकवायला पुढे सरकले, तर त्यांना तिनं सांगितलं की तुमी मुलांना शिकवा. ती माझ्याकडे शिकली, दुपारची भांडी झाली की, शेजारच्या मागाच्या ठेक्यावर. विद्यार्थिनी म्हणून ती कठीण होती. "घ असा का, त्याला घागरीसारखा का न्हाय काढला?" असले प्रश्न विचारी, आणि मी उद्या सांगते म्हणे. संक्रांत झाल्यावर तिनं पहिलं कार्ड लिहायला घेतलं. तीन दुपारी लागल्या. "जानकीबाईस नमस्कार. जवारी बरी हाय. गुडगा हाय तसा हाय. तुमी जेवता का येळेवर. बांद पडला तर कळवा मी येते."

अण्णांनी ते वाचलं आणि सवयीनं लाल पेन्सिल काढली. आईनं कार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या. तिनं मला बोलताना ऐकलंय, तिला कळंल." आणि ती डोक्यावर पदर घेऊन स्वतः पेटीत टाकून आली.

पंधरा दिवसांनी टपालवाला दारात उभा राहिला आणि कार्ड उलटसुलट करून म्हणाला, "चंद्रभागाबाई कोण हितं?" त्या गल्लीत या नावाची बाई कुणालाच ठाऊक नव्हती. मीसुद्धा क्षणभर नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. अण्णांनी नेहमीसारखा हात पुढे केला, आणि मग तो मागे घेतला.

"मी," आई म्हणाली, आणि दाराशी गेली.